जमिनीखालच्या जर्मेनियम डिटेक्टरवर दुर्मीळ क्षय कसा मोजायचा: तयारीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत

दुर्मीळ क्षयाचं, म्हणजे फार क्वचित होणाऱ्या किरणोत्सारी क्षयाचं मोजमाप फसतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. नमुना येतो, डिटेक्टर मोकळा असतो, लगेच नमुना आत जातो. तीन महिन्यांनी स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या ऊर्जेच्या किती घटना नोंदल्या त्या आलेखात) एक छोटं शिखर दिसतं आणि ते नमुन्याचं की डिटेक्टरभोवतीच्या शिशा-तांब्याच्या कवचाचं, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण रिकाम्या कवचाचं मोजमाप कोणी केलेलंच नसतं. गेलेले महिने परत मिळत नाहीत. म्हणून हा लेख आधी काय करायचं आणि नंतर काय करायचं यावरच भर देतो.

समोर अतिशुद्ध जर्मेनियमचा डिटेक्टर आहे, प्रयोगशाळा जमिनीखाली आहे आणि नमुन्यातून येणारी गॅमा रेषा (ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांचं शिखर) शोधायची आहे, असं मी धरून चाललो आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतो: व्हॅनेडियम-५०. नैसर्गिक व्हॅनेडियममध्ये त्याचं प्रमाण ०.२५ टक्के आहे. त्याला क्षयाच्या दोन वाटा आहेत. इलेक्ट्रॉन पकडून तो टायटॅनियम-५० होतो आणि १५५३.८ केईव्हीचा (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक केईव्ही) गॅमा सोडतो. ही वाट मोजली गेली आहे, अर्धायुष्य सुमारे २.७ × १०^१७ वर्षं. दुसरी बीटा क्षयाची वाट क्रोमियम-५०कडे जाते. तिचा गॅमा ७८३.३ केईव्हीचा, आणि तो अजून पक्का सापडलेला नाही. एकाच नमुन्यात एक सोपी रेषा आणि एक अवघड रेषा मिळते, म्हणून शिकायला हे उदाहरण फार चांगलं आहे.

## टप्पा १: कागदावरचा हिशोब

नमुना मागवण्याआधी हा हिशोब करा. अर्धा तास लागतो.

एक किलो व्हॅनेडियम घ्या. अणुभार ५०.९४, म्हणजे एकूण अणू सुमारे १.१८ × १०^२५. त्यातले ०.२५ टक्के म्हणजे व्हॅनेडियम-५०चे सुमारे ३ × १०^२२ अणू. त्यांना ०.६९३ने गुणून अर्धायुष्याने भागलं की वर्षाला साधारण ७६,००० क्षय मिळतात, दिवसाला २००च्या थोडे वर. यातला प्रत्येक गॅमा डिटेक्टरमध्ये पूर्ण ऊर्जा सोडत नाही. काही नमुन्यातच अडतात, काही भलत्या दिशेला जातात, काही अर्धी ऊर्जा टाकून निसटतात. एवढ्या मोठ्या नमुन्याला कार्यक्षमता दोन टक्के धरली तर दिवसाला चार काउंट, म्हणजे शिखरात नोंदलेल्या चार घटना. शंभर दिवसांत चारशे. ही रेषा दिसेलच.

आता दुसरी वाट. तिचं अर्धायुष्य १०^१९ वर्षांच्या पलीकडे आहे हे आधीच्या मोजमापांवरून माहीत आहे. ते २ × १०^१९ धरलं आणि कार्यक्षमता तीन टक्के घेतली, तर शंभर दिवसांत जेमतेम आठ-नऊ काउंट येतील. ते दिसतील की नाही हे संपूर्णपणे त्या ऊर्जेच्या आसपासच्या बॅकग्राउंडवर, म्हणजे इतर स्रोतांमुळे येणाऱ्या काउंटांवर ठरतं. बॅकग्राउंड जवळपास शून्य असेल आणि एकही काउंट आला नाही, तर शंभर दिवसांत तुम्ही ७ × १०^१९ वर्षांच्या आसपासची मर्यादा सांगू शकता, म्हणजे अर्धायुष्य निदान एवढं तरी आहे. रेषेभोवतीच्या त्याच ऊर्जेच्या पट्ट्यात, म्हणजे खिडकीत, दिवसाला एक काउंट बॅकग्राउंड असेल, तर शंभर काउंटांची चढउतार दहाची होते आणि मर्यादा १ × १०^१९च्या आसपास घसरते. नमुना तोच, दिवस तितकेच, आणि निकाल सातपट कमजोर. शिवाय बॅकग्राउंड असताना मर्यादा दुप्पट करायला चौपट काळ लागतो.

आधी तपासा: तुमच्या रेषेच्या आजूबाजूला पाच केईव्हीच्या आत दुसऱ्या कोणाच्या रेषा आहेत? ७८३.३च्या शेजारी तीन आहेत: ॲक्टिनियम-२२८ची ७८२.१, बिस्मथ-२१२ची ७८५.४ आणि शिसे-२१४ची ७८६.०. तिन्ही क्षीण आहेत, पण आपण दहा काउंटांच्या शोधात आहोत. या ऊर्जेला चांगल्या डिटेक्टरच्या शिखराची रुंदी दीड केईव्हीच्या आसपास असते. म्हणजे ७८५.४ कसंबसं वेगळं दिसेल, ७८२.१ मात्र तुमच्या शिखरात मिसळेल. यावरून लगेच कळतं की खर्च कशावर करायचा: नमुन्यातलं थोरियम आणि रेडियम काढून टाकण्यावर, कारण पहिल्या दोन रेषा थोरियमच्या क्षयसाखळीतल्या आहेत आणि तिसरी रेडियमच्या. हे नमुना मागवतानाच ठरवावं लागतं.

प्रयोगशाळा किती खोल हवी, हा प्रश्नही इथेच सुटतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन (वैश्विक किरणांमुळे तयार होणारा भेदक कण) पडतो. इटलीतल्या ग्रान सासोमध्ये डोक्यावर १४०० मीटर खडक आहे आणि तिथे दर चौरस मीटरवर तासाला सुमारे एक म्युऑन येतो. म्हणजे सुमारे दहा लाख पटींची घट. बेल्जियममधली हेडेस प्रयोगशाळा फक्त २२५ मीटर खोल आहे, तरी तिथे दुर्मीळ क्षयांवर उत्तम काम झालं आहे. खोली म्युऑन कमी करते, आणि त्यांच्यामुळे तयार होणारे न्यूट्रॉन. खडकातलं पोटॅशियम, युरेनियम, थोरियम खालीही तेवढंच असतं, आणि रेडॉन हा किरणोत्सारी वायू तर बोगद्यात वरच्यापेक्षा जास्तच साठतो. माझ्या अनुभवात एका पातळीनंतर खोलीपेक्षा आपण खाली काय घेऊन जातो, यानेच निकाल ठरतो.

## टप्पा २: खाली जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची चाळणी

वैश्विक किरणांतले न्यूट्रॉन धातूंमध्ये नवे किरणोत्सारी अणू तयार करतात. तांब्यात कोबाल्ट-६० (अर्धायुष्य ५.२७ वर्षं), शिवाय कोबाल्ट-५८, कोबाल्ट-५७, मँगेनीज-५४. जर्मेनियममध्ये जर्मेनियम-६८ (२७१ दिवस) आणि झिंक-६५ (२४४ दिवस). वस्तू जमिनीवर जितके दिवस राहील तितके हे वाढत जातात.

म्हणून तांब्याचे भाग, नमुना आणि जमल्यास डिटेक्टरही विमानाने आणू नका. विमानाच्या उंचीला न्यूट्रॉनांचा मारा समुद्रसपाटीच्या शंभराहून अधिक पट असतो, आणि काही तासांच्या उड्डाणात काही आठवड्यांचं नुकसान होतं. रस्त्याने किंवा जहाजाने आणा. तांबं लवकर खाली नेऊन ठेवा आणि प्रत्येक तुकडा कोणत्या तारखेला खाली गेला ते लिहा. दोन वर्षांनी कोबाल्टचं शिखर का आहे हे विचारलं जाईल तेव्हा उत्तर त्या तारखांतच असेल.

खाली नेण्यापूर्वी वगळायच्या गोष्टी: साधी काच (पोटॅशियम), चिनीमाती आणि सिरॅमिक, शिसे असलेला सोल्डर, ॲल्युमिनियमच्या साध्या मिश्रधातूंचे भाग (थोरियम-युरेनियम), आणि नव्या पोलादाचे अनोळखी तुकडे (कधीकधी कोबाल्ट-६०). एखादी वस्तू टाळता येत नसेल तर आधी ती वस्तूच डिटेक्टरवर मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

## टप्पा ३: कवच रचणं

बाहेरून आत क्रम असा: साधं शिसं, मग कमी शिसे-२१० असलेलं निवडक शिसं, आणि सर्वांत आत शुद्ध तांबं. शिशाची एकूण जाडी साधारण १५ ते २५ सेंमी, तांबं ५ ते १० सेंमी.

हा क्रम का ते समजून घ्या, म्हणजे जागा कमी पडल्यावर काय कापायचं हे कळेल. शिशात शिसे-२१० असतं, अर्धायुष्य २२ वर्षं. त्याच्या पुढचा बिस्मथ-२१० बीटा सोडतो, बीटाची सर्वाधिक ऊर्जा १.१६ एमईव्ही (११६० केईव्ही), आणि शिशातच थांबताना त्यातून सलग पसरलेले एक्स-किरण निघतात. ते स्पेक्ट्रमचा खालचा भाग उचलून धरतात. साध्या शिशात शिसे-२१०चं प्रमाण किलोला दहा-वीस बेकरेलपासून (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय) शेकड्यापर्यंत असू शकतं, म्हणून ते बाहेर राहायला हवं. काही ठिकाणी आतल्या थराला रोमन काळातल्या बुडालेल्या जहाजांमधलं शिसं वापरतात, कारण दोन हजार वर्षांत त्यातलं शिसे-२१० संपलेलं असतं. तांबं सर्वांत आत असतं, कारण ते शिशाचे स्वतःचे ७३ ते ८५ केईव्हीचे एक्स-किरण गिळतं.

विटा रचताना सरळ फट ठेवू नका. एका थरातला सांधा पुढच्या थराच्या विटेने झाकला गेला पाहिजे. केबल आणि नायट्रोजनची नळी आत येते तिथे वळण द्या. थेट दिसणारी वाट म्हणजे गॅमांसाठी उघडा दरवाजा. प्रीॲम्प्लिफायर (सिग्नल मोठा करणारं सर्किट) कवचाबाहेर, किंवा निदान शिशाच्या पाठीमागे ठेवा. त्यातले रेझिस्टर आणि कपॅसिटर बरेच किरणोत्सारी असतात.

तांब्याचे आतले तुकडे बसवण्याआधी पातळ आम्लात बुडवून, आयनविरहित पाण्याने धुऊन, अल्कोहोलने पुसा. मग हातमोज्यांशिवाय हात लावू नका. घामात पोटॅशियम असतं आणि बोटाचा ठसाही १४६०.८ केईव्हीला दिसू शकतो.

सावधान: शिशाची जाडी वाढवत नेली तर बॅकग्राउंड कमीच होत राहील, हा समज उथळ प्रयोगशाळेत महागात पडतो. म्युऑन शिशात न्यूट्रॉन तयार करतात. शिसं जास्त, तर न्यूट्रॉनही जास्त. खोली कमी असेल तर म्युऑन ओळखणारे सिंटिलेटर फलक (कण आरपार गेला की चमकणारे) बसवणं जास्त उपयोगी.

शेवटी कवच हवाबंद करून आत नायट्रोजन सोडा. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून आपोआप उकळणारा वायू सर्वांत सोपा, कारण त्यात रेडॉन जवळजवळ नसतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहील इतका प्रवाह ठेवा.

## टप्पा ४: थंड करणं आणि व्होल्टेज देणं

हा टप्पा छोटा आहे, पण डिटेक्टर कायमचा बिघडतो तो इथेच.

जर्मेनियममध्ये बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, फक्त ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. सामान्य तापमानाला उष्णतेनेच इतके इलेक्ट्रॉन सुटतात की गळतीचा प्रवाह मोजमाप बुडवतो. म्हणून डिटेक्टर ७७ केल्व्हिनच्या द्रव नायट्रोजनने थंड करतात. भरल्या भरल्या व्होल्टेज देऊ नका. उत्पादकाने सांगितलेला वेळ, साधारण सहा ते बारा तास आणि मोठ्या क्रिस्टलला चोवीस, पूर्ण होऊ द्या. मग शंभर-शंभर व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जा, प्रत्येक पायरीवर थांबा, आणि गळती अचानक उसळली तर थेट खाली या. धन की ऋण, हे डिटेक्टरच्या कागदावर लिहिलेलं असतं. ते दोनदा वाचा.

सावधान: नायट्रोजन संपून डिटेक्टर अर्धवट गरम झाला तर लगेच पुन्हा भरू नका. गरम होताना आतल्या शोषकाने धरलेला वायू सुटतो आणि पुन्हा थंड केल्यावर तो क्रिस्टलच्या पृष्ठभागावर जमतो. मग गळती वाढलेलीच राहते. पूर्ण सामान्य तापमानाला येऊ द्या, एक दिवस थांबा, मग भरा. तापमान वाढलं की व्होल्टेज आपोआप बंद करणारी जोडणी आजच लावा.

सुरक्षेची तपासणी: एक लिटर द्रव नायट्रोजन उकळून सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद भूमिगत खोलीत तो ऑक्सिजन हटवतो, आणि ऑक्सिजन कमी झाल्याचं माणसाला कळत नाही, तो सरळ कोसळतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मापकाची घंटा १९.५ टक्क्यांना वाजली पाहिजे, आणि भरणारा माणूस एकटा असता कामा नये. यात सवलत नाही.

## टप्पा ५: रिकाम्या कवचाचं मोजमाप

बहुतेक चुका या एका टप्प्याला गाळल्यामुळे होतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

नियम सोपा आहे: नमुना जितके दिवस मोजणार, निदान तितकेच दिवस आधी रिकामं कवच मोजा. नमुन्याच्या जागी नमुन्याचं रिकामं भांडं ठेवा, कारण भांडंही बॅकग्राउंडचा भाग आहे. आणि स्पेक्ट्रम तासाला किंवा दिवसाला एक अशा वेगळ्या फायलींत साठवा. सगळं एकाच फायलीत ओतलं तर नंतर एक वाईट दिवस वेगळा काढता येत नाही.

मग ही शिखरं एकेक करून बघा. प्रत्येक शिखर कवचाच्या एका ठिकाणाकडे बोट दाखवतं.

१४६०.८ म्हणजे पोटॅशियम-४०. घाम, काच किंवा खोलीच्या भिंती. २६१४.५ आणि ५८३.२ म्हणजे थॅलियम-२०८, थोरियमच्या साखळीचं. २६१४.५ दिसतं आणि ५८३.२ जवळजवळ नाही, तर गॅमा बाहेरून येत आहेत, कारण जाड शिशातून मोठी ऊर्जाच आरपार येते. याचा अर्थ कुठेतरी फट आहे किंवा कवच अपुरं आहे. दोन्ही जोरात असतील तर थोरियम आत, डिटेक्टरजवळ आहे.

२९५.२, ३५१.९, ६०९.३, ११२०.३ आणि १७६४.५ ही शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ची शिखरं. ती दिवसागणिक खालीवर होत असतील तर रेडॉन आत येतो आहे. स्थिर असतील तर आतल्या एखाद्या भागात रेडियम आहे. फक्त या एका फरकासाठी तासातासाच्या फायली ठेवणं सार्थकी लागतं. ६६१.७ला सीझियम-१३७, ११७३.२ आणि १३३२.५ला कोबाल्ट-६०.

न्यूट्रॉनची खूण वेगळी असते. ५९६ आणि ६९१ केईव्हीला उजवीकडे लांब शेपूट असलेली, करवतीच्या दातासारखी शिखरं दिसली तर ती न्यूट्रॉन जर्मेनियमच्या अणुगर्भाला धडकल्याची आहेत. १३९.७ आणि १९८.४ची शिखरंही न्यूट्रॉनचीच खूण. खोल प्रयोगशाळेत ही दिसत नाहीत. दिसली तर जवळ कुठेतरी न्यूट्रॉनचा स्रोत ठेवलेला नाही ना, हे आधी विचारा.

पुढे जाण्यापूर्वी: तुमच्या खिडकीत रिकाम्या कवचाचा दर टप्पा १मध्ये धरलेल्या दरापेक्षा जास्त आहे? मग नमुना आत टाकू नका. कवच उघडा, कारण शोधा, पुन्हा मोजा. दोन महिने गेले असं वाटेल. पण नमुना आत टाकल्यावर हेच कारण शोधायला सहा महिने लागतात.

## टप्पा ६: नमुना तयार करणं आणि आत ठेवणं

नमुन्याची सफाई खाली, वापराच्या जागेजवळ करा. अल्ट्रासॉनिक स्नान, अल्कोहोल, मग दुहेरी पिशवी. आतली पिशवी कवचाच्या तोंडाशीच उघडा.

आमच्या एका मोजमापात तिसऱ्या आठवड्यात १४६०.८चं शिखर एकाएकी दिसू लागलं, सोबत ९११.२चंही. डिटेक्टर तोच, कवच तेच. चार दिवस आम्ही नायट्रोजनच्या नळीपासून सगळं तपासलं. शेवटी लक्षात आलं की मधल्या काळात नमुना काही तासांसाठी बाहेर काढला होता, आणि परत ठेवताना पिशवीच्या घडीत ओलावा शोषणारी एक छोटी पुडी राहून गेली होती. ती मातीपासून बनलेली होती, आणि मातीत पोटॅशियम, थोरियम दोन्ही असतात. तेव्हापासून नमुना आत जाताना आणि बाहेर येताना त्याचं वजन होतं आणि फोटो काढला जातो. तुम्हीही तेच करा.

आकार ठरवताना नमुन्याची घनता आणि गॅमाची ऊर्जा एकत्र बघा. १५५३.८ केईव्हीचा गॅमा काही सेंटिमीटर व्हॅनेडियममधून निघून येतो. टँटलम-१८०एम या दुर्मीळ क्षयासाठी शोधल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका अणूच्या बाबतीत अपेक्षित गॅमांपैकी काही १०० केईव्हीच्या आसपासचे आहेत आणि टँटलम अतिशय घन आहे. तिथे जाड ठोकळ्याचा आतला भाग फुकट जातो. म्हणूनच मॅजोराना डेमॉन्स्ट्रेटर या जर्मेनियम डिटेक्टरांच्या प्रयोगात टँटलमच्या पातळ चकत्या डिटेक्टरांच्या मधे बसवल्या होत्या.

कवच बंद केल्यावर पहिले काही दिवस हिशोबात धरू नका. उघडताना आत आलेला रेडॉन (अर्धायुष्य ३.८२ दिवस) नायट्रोजनने बाहेर ढकलला जातो, आणि शिसे-२१४, बिस्मथ-२१४ त्यानंतर दोन-तीन तासांत संपतात. पण कोपऱ्यांत आणि नमुन्याच्या फटींत अडकलेला वायू सावकाश निघतो. ३५१.९ आणि ६०९.३चा दर स्थिर झाला की त्या दिवसापासून मोजणी धरा. तो दिवस डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका, आधी लिहून ठेवलेल्या नियमाने ठरवा.

## टप्पा ७: कार्यक्षमता ठरवणं

एक ज्ञात स्रोत टेकवून काढलेला आकडा नमुन्याला लावता येत नाही. नमुना मोठा असतो, तो स्वतःच गॅमा शोषतो, आणि त्याचा प्रत्येक भाग डिटेक्टरपासून वेगळ्या अंतरावर असतो. म्हणून भूमितीचं संपूर्ण सिम्युलेशन करा, बहुतेक जण जिअँट-४ हे सॉफ्टवेअर वापरतात, आणि मग ज्ञात स्रोतांनी, निदान तीन ठिकाणी ठेवून, त्याची तपासणी करा. मोजमाप आणि सिम्युलेशन पाच टक्क्यांच्या आत जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

न जुळण्याची दोन नेहमीची कारणं. पहिलं, क्रिस्टलच्या बाहेरच्या निष्क्रिय थराची जाडी. पी प्रकारच्या डिटेक्टरवर लिथियमचा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा थर असतो, आणि डिटेक्टर बरेच महिने गरम अवस्थेत पडून राहिला तर तो आत पसरून जाड होतो. कागदावरची जाडी म्हणून कधी कधी जुनी झालेली असते. ६० केईव्हीच्या आसपासच्या आणि मोठ्या ऊर्जेच्या रेषांची गुणोत्तरं जुळवली की खरी जाडी कळते.

दुसरं, बेरीज होणं. कोबाल्ट-६०सारखा स्रोत एकाच क्षयात दोन गॅमा सोडतो. स्रोत डिटेक्टरला चिकटून असेल तर दोन्ही एकदम आत शिरतात, त्यांची बेरीज एकच घटना म्हणून नोंदली जाते, आणि १३३२.५च्या शिखरातून काउंट नाहीसे होतात. तुमची कार्यक्षमता मग खरीपेक्षा कमी दिसते. थॅलियम-२०८ आणि बिस्मथ-२१४लाही हेच होतं. व्हॅनेडियम-५०च्या इलेक्ट्रॉन पकडण्यात एकच गॅमा येतो, त्यामुळे ती रेषा सुरक्षित, पण तिला मोजायला वापरलेला कॅलिब्रेशनचा (ज्ञात स्रोताशी जुळवून काढलेला) आकडा सुरक्षित नाही.

## टप्पा ८: मोजमाप चालू असताना

एकदा सुरू केलं की हात लावू नका. पण लक्ष ठेवा.

ऊर्जेचं कॅलिब्रेशन सरकतं. बॅकग्राउंड इतकं कमी असतं की दोन आठवड्यांत १४६०.८मध्येही पुरेसे काउंट येत नाहीत, त्यामुळे सरकणं आतूनच कळेल या भरवशावर राहू नका. ठरलेल्या दिवशी स्रोत आणा, दहा मिनिटं मोजा, आणि तो पुन्हा खोलीबाहेर, शिशाच्या पेटीत ठेवा. स्रोत परत गेल्याची सही करणारा दुसरा माणूस असावा. टेबलाच्या खणात विसरलेला स्रोत आठवडाभराचा डेटा बरबाद करतो.

पंप, पंखे आणि यांत्रिक शीतक यांच्या कंपनांमुळे कमी ऊर्जेच्या टोकाला खोटे सिग्नल येतात. दिवसाचा दर एकदम दुप्पट झाला तर क्षयाचा विचार नंतर करा, आधी नोंदवहीत त्या दिवशी शेजारी काय चालू होतं ते बघा. म्हणून नोंदवहीत सगळं लिहा: कोण आलं, नायट्रोजन कधी भरला, वीज कधी गेली.

सावधान: ७८३.३च्या खिडकीत रोज डोकावू नका. खिडकीची रुंदी, पहिले किती दिवस सोडायचे, शेजारच्या रेषा कशा वजा करायच्या, हे सगळं डेटा उघडण्याआधी लिहून ठेवा. मधेच बघून खिडकी अर्धा केईव्ही सरकवली की दहा काउंटांचा शोध सहज तयार होतो. असे शोध पुढच्या मोजमापात टिकत नाहीत.

### डिटेक्टरच नमुना असेल तर

जर्मेनियम-७६च्या दुहेरी बीटा क्षयात (एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात अशा क्षयात) क्रिस्टल स्वतःच स्रोत असतो. कार्यक्षमतेचा बराचसा त्रास वाचतो, पण मग सिग्नलचा आकार महत्त्वाचा होतो. खऱ्या घटनेत ऊर्जा क्रिस्टलच्या एकाच ठिकाणी पडते. बाहेरचा गॅमा दोन-तीन ठिकाणी आपटत जातो. फरक शिकवायला थॅलियम-२०८चं १५९२.५ केईव्हीचं शिखर वापरा, ते एका ठिकाणच्या घटनांचं असतं, आणि शेजारचं बिस्मथ-२१२चं १६२०.५ अनेक ठिकाणच्यांचं. ग्रान सासोतल्या गेर्डा प्रयोगात उघडे जर्मेनियम क्रिस्टल थेट द्रव आर्गॉनमध्ये लोंबवले होते. द्रव आर्गॉन कवचही झालं आणि स्वतः चमकून बाहेरची घटना ओळखूही लागलं. त्यावरून न्यूट्रिनो न सोडता होणाऱ्या क्षयाची मर्यादा २०२०मध्ये १.८ × १०^२६ वर्षांपर्यंत गेली. क्षय शोधायची ऊर्जा २०३९ केईव्ही, आणि तिथे बॅकग्राउंड जवळजवळ शून्यावर आणल्यामुळेच हे जमलं.

## टप्पा ९: आकडा काढणं

सूत्र टप्पा १चंच: अर्धायुष्य = ०.६९३ × अणूंची संख्या × कार्यक्षमता × काळ ÷ शिखरातले निव्वळ काउंट. काळ म्हणजे डिटेक्टर प्रत्यक्ष मोजत होता तो, घड्याळातला नव्हे.

१५५३.८साठी सरळ शिखर बसवा, दोन्ही बाजूंची सलग पातळी वजा करा, रिकाम्या कवचाच्या स्पेक्ट्रममध्ये त्या जागी काही नाही ना ते तपासा. ही रेषा ज्ञात अर्धायुष्य देत नसेल तर ७८३.३बद्दल काहीही बोलू नका. ही सोपी रेषा तुमच्या सगळ्या यंत्रणेची परीक्षा आहे.

७८३.३साठी आधी शेजाऱ्यांचा हिशोब. ॲक्टिनियम-२२८ची ९११.२ची रेषा जोरदार आहे आणि ७८२.१ची तिच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकी. ९११.२मध्ये शंभर काउंट असतील तर ७८२.१मध्ये दोनच्या आसपास धरा. ७८५.४साठी शिसे-२१२ची २३८.६ आणि ७८६.०साठी ३५१.९ याच पद्धतीने वापरा. शिखरं बसवताना, म्हणजे फिटमध्ये, या शेजाऱ्यांचे आकडे मोकळे सोडू नका, जोरदार रेषांनी बांधून ठेवा.

निव्वळ काउंट ऋण आले तर घाबरू नका आणि ते शून्य करून पुढे जाऊ नका. बॅकग्राउंडची चढउतार दोन्ही बाजूंना होते. कमी काउंटांना वर्गमूळाची त्रुटी लावू नका, पॉइसाँचं वितरण (मोजक्या घटनांसाठीचं संभाव्यतेचं सूत्र) वापरा. बॅकग्राउंड शून्य आणि काउंट शून्य असतील तर फेल्डमन-कझिन्स पद्धतीने ९० टक्के विश्वासाची वरची मर्यादा २.४४ काउंट येते. शून्याने भागता येत नाही, म्हणून सूत्रात निव्वळ काउंटांच्या जागी हाच आकडा जातो. आणि मर्यादा सांगताना याच बॅकग्राउंडमध्ये सरासरी किती मर्यादा अपेक्षित होती तेही सांगा. नशिबाने कमी काउंट आले म्हणून मिळालेली मर्यादा आणि चांगल्या कवचाने मिळालेली मर्यादा यातला फरक वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतो.

नमुना काढल्यावर कवच पुन्हा रिकामं मोजा, निदान दोन आठवडे. पहिल्या रिकाम्या मोजमापाशी ते जुळलं नाही तर मधल्या काळात काहीतरी बदललं आहे, आणि ते शोधेपर्यंत आकडा कोणाला देऊ नका. नमुना मात्र खालीच ठेवा, दुहेरी पिशवीत, तारीख आणि वजन लिहून. एकदा वर गेला की त्याच्यात वैश्विक किरणांची नवी भर पडायला लागते आणि पुढचं मोजमाप पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करावं लागतं.